टेनर गेला, तेव्हा: एका गावच्या बार्बरशॉप गटाचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका नदीकाठच्या गावातलं आहे. गावाचं, गटाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशीलही थोडे इकडेतिकडे केले आहेत. मी या गटात बॅरिटोन गातो आणि हे सगळं घडत होतं तेव्हा बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे मी तटस्थ नाही, हे वाचकाने गृहीत धरावं.

पार्श्वभूमी

बार्बरशॉप म्हणजे चार आवाजांचं, वाद्यांशिवायचं गाणं. चाल सांभाळतो तो लीड. त्याच्या वर हलक्या आवाजात टेनर, तळाला बास, आणि या तिघांनी घेऊन उरलेला स्वर बॅरिटोनचा. आमची ओळ एकटी गायली तर ती चाल आहे असं कुणाला वाटणार नाही.

आपल्याकडे भजनी मंडळात सगळे एकच चाल गातात, त्यामुळे पहिल्या मंगळवारी मला काही कळेना. मग एका गाण्याच्या शेवटी चौघांनी एक स्वरसमूह धरला आणि कान टवकारले. सा, ग, प आणि कोमल नि. हे चार स्वर पियानोच्या पट्ट्यांना न जुमानता ४:५:६:७ अशा शुद्ध प्रमाणात लावायचे, ही या गायकीची सगळी धडपड. त्यातला ग म्हणजे तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधारच. नि मात्र पियानोच्या कोमल निषादापेक्षा अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका उतरलेला असतो. चौघे नेमके लागले की कुणीच गात नसलेला पाचवा, वरचा स्वर खोलीत ऐकू येतो. इथली मंडळी याला ‘रिंग’ म्हणतात, आणि तेवढ्यासाठी माणसं बर्फातून गाडी हाकत येतात.

या गाण्याची संघटना ११ एप्रिल १९३८ ला ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात सुरू झाली. ओ. सी. कॅश आणि रुपर्ट हॉल या दोघांनी मित्रांना टल्सा क्लबच्या गच्चीवर गायला बोलावलं आणि २६ जण जमले. रूझवेल्टच्या काळात सरकारी खात्यांच्या आद्याक्षरांचा सुळसुळाट झाला होता. त्याची टर उडवायला त्यांनी संस्थेला इतकं लांबलचक नाव दिलं की ते एका दमात म्हणणं हाच एक विनोद होऊन बसला. २००४ पासून ती बार्बरशॉप हार्मनी सोसायटी या नावाने ओळखली जाते. मुख्य कचेरी बरीच वर्षं आमच्याच राज्यातल्या केनोशा गावी होती, आता ती नॅशव्हिलला आहे. सभासदत्व सुरुवातीपासून पुरुषांपुरतं होतं. बायकांनी १९४५ मध्ये, तेही टल्सातच, स्वीट अ‍ॅडलाइन्स ही वेगळी संस्था काढली.

आमच्या गावचा गट, म्हणजे या संघटनेची स्थानिक शाखा, दुसरं महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत उभा राहिला. सैन्यातून परतलेली मुलं, कागद गिरणीतले फोरमन, एक दाताचा डॉक्टर, दोन दुकानदार, आणि गाणं शिकवायला हायस्कुलातले बँडमास्तर. तालीम दर मंगळवारी लुथरन चर्चच्या तळघरात. वर्षाला एक मोठा कार्यक्रम, चार जुलैला मिरवणुकीत ट्रेलरवर उभं राहून गाणं, आणि फेब्रुवारीत ‘सिंगिंग व्हॅलेंटाइन’. यात चौघं जण गुलाबाचं फूल घेऊन कुणाच्या ऑफिसात, शाळेत किंवा वृद्धाश्रमात जातात आणि पाठवणाऱ्याच्या वतीने दोन गाणी म्हणतात. गटाचा निम्मा खर्च त्यातून सुटायचा. भरभराटीच्या काळात पायऱ्यांच्या स्टँडवर पन्नासेक जण उभे राहत. या घडीच्या लोखंडी पायऱ्यांना इथे रायझर म्हणतात. त्या तळघरातून वर आणायला एकेका तुकड्याला दोन धडधाकट माणसं लागतात. पुढे पुढे गाण्याला माणसं मिळत, रायझर उचलायला मिळत नसत.

अडचण

गिरणी आधी आकसली, मग बंद पडली. तरुण मुलं मिलवॉकी, मॅडिसन, मिनियापोलिसला गेली. २०१६ च्या सुमारास पटावर चौदा नावं होती आणि मंगळवारी अकरा माणसं यायची. बहुतेक सत्तरीच्या पुढची.

प्रत्येक बैठकीत एकच ठराव व्हायचा: नवे सभासद आणा. पाहुण्यांसाठी खास संध्याकाळ ठेवली, किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठ्या लावल्या. तिघे आलेही. दोन बास, एक लीड. यात नवल काही नाही. पुरुषांचा स्वाभाविक आवाज मधला किंवा खालचा असतो, आणि नवख्या माणसाला चाल गायला हवी असते. टेनरला मात्र बहुतेक वेळा खोट्या आवाजात, लीडच्या वर आणि तरीही त्याच्यापेक्षा हळू गावं लागतं. असं गायला तयार असलेला माणूस गावात एकच होता. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.

२०१७ च्या शरदात तो लेकीकडे अ‍ॅरिझोनाला राहायला गेला. निरोपाच्या दिवशी केक कापला, आणि पुढच्या मंगळवारी गाणं धरलं तर वरची बाजू उघडी. अकराचे दहा झाले होते, म्हणजे आकड्यात फारसा फरक नव्हता. पण चार मजल्यांच्या गाण्यातला एक मजलाच गेला होता. माझ्या मते हे सगळं प्रकरण इथे आहे. गट अनेक वर्षं डोकी मोजत राहिला, आवाज कुणीच मोजले नाहीत.

कोणते पर्याय पुढे आले

पहिला पर्याय, शहरातल्या मोठ्या गटात सामील होणं. तो गट उत्तम होता, स्पर्धांना जायचा. पण आवाजाची चाचणी घेऊन प्रवेश, आणि एका बाजूचा तासाभराचा रस्ता. आमच्यातल्या चौघांनी रात्री गाडी चालवणं सोडलं होतं. जानेवारीत त्या रस्त्यावर दिवसाही जीव मुठीत धरून जावं लागतं.

दुसरा, पट्टी उतरवून लीडमधल्या दोघांनी आळीपाळीने टेनर गाणं. हे दोन महिने करून पाहिलं. पट्टी खाली आणली की बास घशात घरघरायला लागतात, आणि लीडचे दोन चांगले आवाज वर पाठवले की चालच लंगडी होते. गाणं शिकवणाऱ्या आताच्या बँडमास्तरांनीच एका संध्याकाळी पिच पाइप (सुरुवातीचा स्वर देणारी छोटी शिट्टी) खिशात टाकला आणि ‘पुरे’ म्हणाले.

तिसरा, मोठा गट मोडून फक्त एक चौकडी ठेवायची. चौकडीला टेनर लागतोच, आणि उरलेल्या सहा जणांनी मंगळवारी काय करायचं, यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

चौथा पर्याय जून २०१८ पर्यंत नियमात बसतच नव्हता. त्या महिन्यात संघटनेने सभासदत्व स्त्रियांना खुलं केलं. स्थानिक गटावर सक्ती नव्हती. पुरुषांचाच गट ठेवायचा, मिश्र करायचा की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. म्हणजे वरून निर्णय आला आणि आपण मान तुकवली, ही सोयही आमच्या हाती राहिली नाही.

संघटनेतून बाहेर पडून स्वतंत्र गायचं, असंही एकाने सुचवलं. विमा, स्वरलिपीचे परवाने, जिल्ह्याचे मेळावे या सगळ्याची आठवण करून दिल्यावर त्याने ते मागे घेतलं.

निर्णय

ऑगस्टमधली ती बैठक मी लिहून घेतली आहे. इतिवृत्तात दीड पान भरलं, प्रत्यक्षात ती अडीच तास चालली.

विरोध करणाऱ्यांना जुनाट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. एका बासची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. तो म्हणाला, की तालीम संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीला टेकून आम्ही जे अर्धा तास बोलतो, ते मी मुलांशी बोलत नाही, पाद्र्याशी बोलत नाही. बायका आल्या की ती जागा जाईल. गावात म्हाताऱ्या पुरुषांना एकत्र बसायला बार सोडला तर दुसरी जागा नाही, हे खरंच होतं. यावर कुणी काही बोललं नाही.

दुसरा मुद्दा परंपरेचा आला. हे गाणं पुरुषांचं, न्हाव्याच्या दुकानातलं, ऐंशी वर्षांचं. इथे आमच्यातल्या एका तरुण लीडने (म्हणजे वय पंचावन्न) विषय काढला, तो त्या तळघरात पूर्वी कधी निघाला नसावा. संघटना ऐंशी वर्षांची, गाणं त्याहून जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत, नाक्यांवर, न्हाव्यांच्या दुकानांत पोरं चार आवाजांत गायची. पुढे जाझमध्ये नावाजलेला लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गायचा. लिन अ‍ॅबट या संशोधकाने १९९२ मध्ये हे पुराव्यानिशी मांडलं. आणि संघटनेने काय केलं, तर १९४१ मध्ये ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स या कृष्णवर्णीय हमालांच्या चौकडीने न्यू यॉर्कची स्पर्धा जिंकल्यावर तिला राष्ट्रीय स्पर्धेत गाऊ दिलं नाही. न्यू यॉर्क शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस आणि राज्याचे माजी गव्हर्नर अल स्मिथ यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. तरीही रंगाची अट १९६३ पर्यंत टिकली. तेव्हा परंपरा म्हणून आपण नेमकं काय राखतोय, असं त्याने विचारलं.

त्याचा प्रश्न योग्य होता, पण त्याने मतं फारशी हलली असं मला वाटत नाही. मतं हलली ती बँडमास्तरांच्या एका साध्या वाक्याने: पुढच्या मंगळवारी टेनर कोण गाणार ते सांगा, मी ते करतो.

चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. मोठ्या बहुमताने गट मिश्र करायचं ठरलं. त्याला एक पुरवणी जोडली: महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी तालमीनंतर तासभर फक्त पुरुष थांबतील आणि ‘वुडशेडिंग’ करतील, म्हणजे कागद न घेता, ऐकून ऐकून आपापले स्वर शोधायचे. ही पुरवणी त्या बाससाठी होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण तसं लिहिलं नाही. दोघांनी राजीनामे दिले.

काय केलं

नाताळच्या कार्यक्रमापुरतं प्रायोगिक म्हणून चार बायकांना बोलावलं. त्यातल्या तिघी सभासदांच्याच घरातल्या. वर्षानुवर्षं वार्षिक कार्यक्रमाची तिकिटं विकणाऱ्या, कॉफी करणाऱ्या, आणि पडद्यामागे उभं राहून सगळी गाणी पाठ झालेल्या. चौथी शाळेत पियानो शिकवणारी.

पहिल्याच तालमीत पियानोवालीने समोरचा कागद जसा दिसला तसा गायला आणि तिचा स्वर तळघराच्या छताला जाऊन भिडला. पुरुषांच्या चार आवाजांच्या स्वरलिपीत वरच्या ओळीच्या खुणेखाली एक बारीक ८ असतो. त्याचा अर्थ, लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली गा. आम्हाला तो ८ इतका सवयीचा, की सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हसण्यात वेळ गेला, पण त्यातून खरी अडचण उघडी पडली. सप्तक खाली आलं की टेनरची ओळ बायकांच्या आवाजाच्या मधल्या, भरदार भागात येते. पुरुष जो स्वर चोरट्या आवाजात लावतो, तो बाई सहज छातीतून लावते. मग टेनर लीडच्या डोक्यावर बसतो. या गायकीत आवाजांची उतरंड ठरलेली आहे. तळाला बास रुंद, वर टेनर निमुळता. बँडमास्तरांनी त्यांना पहिले तीन आठवडे ओठ मिटून, नुसतं गुणगुणायला लावलं. शिकवणारी पियानोवाली यावर जाम वैतागली होती, पण टिकली.

घरी सरावासाठी ध्वनिफिती होत्याच. त्यांत एका कानात आपली ओळ ठळक आणि दुसऱ्या कानात बाकीचे तिघे असतात. त्या सगळ्या पुरुषी आवाजातल्या. दोघींनी त्या ऐकून शिकायला नकार दिला आणि आपापसात फोनवर नव्या करून घेतल्या. पुढे त्याच आम्ही सगळे वापरायला लागलो. पोशाखाचा वाद (पट्ट्यापट्ट्यांची जाकिटं की साधे काळे शर्ट) तीन बैठका चालला. काळे शर्ट ठरले. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

काय झालं

२०१९ च्या वसंतातला कार्यक्रम बरा झाला. शेवटच्या गाण्याच्या टॅगला, म्हणजे अखेरच्या लांबवलेल्या ओळीला, वरचा स्वर नेमका बसला आणि रिंग आली. राजीनामा दिलेल्या दोघांपैकी एक जण मागच्या बाकावर बसून ऐकत होता, तो मध्यंतरानंतर दिसला नाही.

मग मार्च २०२० आला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीमधल्या एका वृंदगान गटाची बातमी सगळ्यांनी वाचली होती. १० मार्चच्या एका तालमीला ६१ जण आले, त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. आमच्या वयाच्या माणसांना ते आकडे समजावून सांगावे लागले नाहीत. तळघराला कुलूप लागलं. झूमवर चार आवाज एकत्र गाता येत नाहीत, कारण आवाज पोचायला उशीर होतो. म्हणून मंगळवारी नुसत्या गप्पा व्हायच्या. उन्हाळ्यात पार्किंगमध्ये लांब लांब उभं राहून गाऊन पाहिलं. उघड्यावर स्वर उडून जातो, रिंग कशी ती येत नाही. पण माणसं येत राहिली. राजीनामा दिलेल्यांपैकी दुसरा, ज्याने बैठकीत सगळ्यात जास्त आवाज चढवला होता, तो याच काळात घडीची खुर्ची घेऊन यायला लागला. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. त्या दीड वर्षात आम्ही तिघांना गमावलं.

आज मंगळवारी पंधरा ते अठरा जण असतात, त्यात सात बायका. टेनर तीन. पहिल्या मंगळवारची पुरुषांची तासभराची बैठक चालू आहे, आणि तिच्या बरोबरीने बायकांनी आपली एक सुरू केली आहे. ती जास्त वेळ चालते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट वर येऊनच गेली. टेनर एकच आहे हे २०१० मध्येही दिसत होतं. तेव्हाच दुसरा तयार करायला घेतला असता, तर कदाचित मतदानाची वेळही आली नसती, किंवा शांतपणे आली असती. आता प्रत्येक इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत आवाजानुसार हजेरी लिहिली जाते.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. गटात बायका घ्यायच्या की नाहीत यावर अडीच तास चर्चा झाली आणि ज्यांच्याविषयी ती होती त्यांतल्या एकीलाही आधी विचारलं नव्हतं. निकाल लागल्यावर निरोप गेले. गावातला सगळ्यात तयार आवाज एका बाईचा होता. तरुणपणी ती स्वीट अ‍ॅडलाइन्सच्या गटात लीड गायलेली, आमच्याच एका सभासदाची बायको. तिने स्वच्छ नकार दिला. म्हणाली, तीस वर्षं कॉफी करत होते तेव्हा माझा आवाज कुणाला ऐकू आला नाही, आता टेनर गेला तेव्हा ऐकू आला. तिचा नवरा अजून येतो. ती येत नाही. बैठकीच्या आधी तिच्या स्वयंपाकघरात बसून कुणी विचारलं असतं तर ती आली असती का, हे सांगता येणार नाही. पण नकार तरी आम्हाला चर्चेच्या आधी कळला असता.

तिसरं, राजीनामे दिलेल्यांच्या घरी कुणी गेलं नाही. मतभेद संपला म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकत होते. एक परत आला तो महासाथीमुळे, आमच्यामुळे नाही.

राहता राहिला इतिहासाचा प्रश्न. गटाच्या पंच्याहत्तरीची स्मरणिका काढताना जुने अल्बम चाळले. पानापानावर बो टाय लावलेले गोरे चेहरे. वेगळ्या रंगाचा पहिला चेहरा चाळता चाळता सापडला तो माझाच. आमच्या गावात कधी कुणाला नाकारलं का, याची नोंद नाही, कारण विचारायला कुणी आलंच नसावं. मग १९४१ आणि १९६३ स्मरणिकेत घालायचे की नाहीत? काहींचं म्हणणं, ते संघटनेचं, आपलं नव्हे. दुसऱ्यांचं म्हणणं, सनद त्याच संघटनेची भिंतीवर लावली आहे, मग तेवढंच कसं आपलं? शेवटी एक पान त्याला दिलं, आणि कॉफी करणाऱ्यांची नावं सापडतील तितकी शोधून दुसरं एक पान. पहिल्या पानावर थोडी कुरकुर झाली, दुसऱ्यावर मुळीच नाही.

बँडमास्तरांनी यंदाच्या नाताळनंतर थांबायचं जाहीर केलं आहे. पियानोवाली आणि तो पंचावन्नचा लीड, दोघे आळीपाळीने तालीम घेऊन पाहताहेत. दोघांनाही आधी विचारलं आहे. मतदान सप्टेंबरमध्ये आहे.